नऊ वर्षांची सेडान, १,१०,००० किमी: आधी काय दुरुस्त करू?

नवा_चालक

नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी वापरलेली सेडान घेतली. पेट्रोल, पाच गिअर, मॅन्युअल. वय नऊ वर्षं, मीटरवर १,१०,००० किमी. घेताना दोनदा चालवून पाहिली तेव्हा काही जाणवलं नाही, आता एकेक गोष्ट वर येतेय:

१. गर्दीत हळूहळू सरकत असलो की तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या वर चढतो. मोकळ्या रस्त्याला लागलो की आपोआप खाली येतो.
२. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी पंधरा दिवसांत खालच्या रेषेपर्यंत उतरते. जमिनीवर मात्र पाणी दिसत नाही.
३. सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर मिसिंग मारते, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि इंजिन अडखळतं. चेक इंजिनचा दिवा लागतो, दोनदा तर मिचमिचला.
४. एक चाक खड्ड्यात गेलं की पुढून डावीकडून टक्टक् आवाज. गतिरोधकावरून सरळ गेलो तर आवाज नाही.
५. ८० च्या वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं.
६. इंजिनाखाली नाण्याएवढा तेलाचा डाग.
७. क्लच फार वर सुटतो, म्हणजे पेडल खूप वर आल्यावरच गाडी हलायला लागते.

गॅरेजमध्ये नेली. त्यांनी तेल भरायचं झाकण उघडलं, आतल्या बाजूला पिवळट-पांढरी साय होती. ती पाहून म्हणाले, हेड पॅकिंग (इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, तेलात पाणी मिसळलंय, इंजिन खोलावं लागेल. अंदाज दिला तो गाडीच्या खरेदी किमतीच्या जवळपास निम्मा. आणि वर, "खोलल्यावर अजून काय निघेल सांगता येत नाही."

गाडी हौसेसाठी घेतलेली नाही. आईला आठवड्यातून दोनदा उपचारांसाठी न्यावं लागतं, जेमतेम चार किमी जायचं आणि परत. त्यामुळे गाडी महिनाभर उभी ठेवणं जमणार नाही आणि एवढा खर्चही झेपणार नाही. विकून टाकू का? की खरंच इंजिन खोलायला देऊ?

तेलकट_हात

दोन्ही करू नका. निदान आजतरी नाही.

मी पंचवीस वर्षं गाड्यांखाली झोपून काम केलंय. झाकणाखालची साय पाहून हेड पॅकिंगचा निकाल देणं मला पटत नाही. तुम्हीच लिहिलंय की गाडी चार किमी जाते आणि थांबते. एवढ्या अंतरात तेल पुरतं तापत नाही. जळालेल्या पेट्रोलच्या वायूत पाण्याची वाफ असते, तिचा काही भाग पिस्टनच्या कडेने खाली इंजिनात उतरतो आणि सर्वांत थंड जागी, म्हणजे टॅपेट कव्हर (इंजिनाचं सर्वांत वरचं आवरण) आणि झाकणाच्या आत, जाऊन त्याचं पाणी होतं. ते तेलाशी मिसळलं की साय. जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या पूर्ण निरोगी इंजिनातही ती दिसते.

तेव्हा आधी एवढं बघून सांगा:

डिपस्टिक काढून तेलाचा रंग पाहा. खाली चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेलं, तेल दुधाळ असेल तर गोष्ट गंभीर. नुसतं झाकण दुधाळ आणि डिपस्टिक स्वच्छ असेल तर बहुतेक वाफच.

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा आणि मग गाडी सुरू करा. सतत बुडबुडे येतात का? वरचा रबरी पाइप दोन-तीन मिनिटांतच दगडासारखा कडक होतो का? गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडायचं नाही. आतला दाब सुटला की उकळतं कूलंट तोंडावर येतं. मी माणसं भाजलेली पाहिली आहेत.

एसी लावा आणि रेडिएटरचा पंखा फिरतो का ते लांबूनच पाहा. हात आत घालू नका, पंखा केव्हाही सुरू होऊ शकतो.

आणि मिचमिचणाऱ्या दिव्याबद्दल. दिवा स्थिर लागला तर दोन-चार दिवस थांबता येतं, मिचमिचला तर लगेच ॲक्सिलरेटर सोडायचा. याचा अर्थ इंजिन इतकं मिसिंग मारतंय की न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय. ते तिथे जळतं आणि आतली जाळी वितळवतं. एक प्लग किंवा कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) वेळेवर बदलली नाही म्हणून कन्व्हर्टर घालवून बसणं हा मी पाहिलेला सर्वांत वाईट सौदा.

दूरचा_प्रवास

काट्याबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण तुम्ही ती चूक करू नये असं मनापासून वाटतं.

माझीही अशीच सेडान होती. काटा वर चढला, मला वाटलं आता चाळीस किमीच राहिलेत, घरी पोचून बघू. मुलं मागे झोपली होती, रात्र होती, थांबावंसं वाटलं नाही. शेवटच्या दहा किमीत काटा अचानक खाली आला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. प्रत्यक्षात कूलंट संपलं होतं, सेन्सर कोरड्या हवेत लटकत होता, म्हणून तो कमी दाखवत होता. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं. ते काढून मशीनवर सपाट करून घ्यावं लागलं, पॅकिंग नवं, हेडचे बोल्ट नवे, गाडी तीन आठवडे बंद. मूळ दोष काय होता, तर एक चिरलेला रबरी पाइप.

काटा चढला की एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात. हीटरचा कोअर हा एक छोटा रेडिएटरच असतो, त्यामुळे थोडी उष्णता निघून जाते. तरी खाली येत नसेल तर बाजूला थांबून इंजिन बंद. एक किमीही पुढे नाही.

मोजपट्टी

खर्चाबद्दल एक सुचवू का? इथे वेगवेगळ्या ठिकाणचे लोक वाचतात आणि मजुरीचे दर सगळीकडे सारखे नसतात. म्हणून एक साधं माप धरू: इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायला तुमच्याकडे जो खर्च येतो, ती ‘एक सर्व्हिस’. बाकी सगळं त्याच्या पटीत सांगू. आकडे ढोबळ राहतील, पण काय मोठं आणि काय छोटं ते कळेल.

दुसरं, दुरुस्तीचा खर्च भागाच्या किमतीवरून ठरत नाही, तो भाग कुठे बसलाय यावर ठरतो. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, हा मुठीत मावणारा स्वस्त भाग. एका गाडीत तो वरच दोन बोल्टांवर असतो, अर्ध्या तासात बदलतो. दुसऱ्या गाडीत तो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला, तिथे अर्धा दिवस जातो. एसीचा इव्हॅपोरेटरही (हवा गार करणारी जाळी) तसाच: त्यापर्यंत पोचायला बहुतेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून अंदाज घेताना भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. "एवढे होतील" असा एकच आकडा घेऊ नका. आणि मजुरी जास्त असेल तर विचारा, एवढं खोलताय तर त्याच जागेतलं अजून काय बदलून घेता येईल?

जुनी_किल्ली

सात तक्रारी वाचल्या. आठवी, जी तुम्ही लिहिलीच नाही, ती मी विचारतो. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखायला इंजिनात टायमिंग बेल्ट आहे की चेन? बेल्ट असेल तर शेवटचा कधी बदलला?

नवा_चालक

सगळ्यांचे आभार. कालपासून जरा धीर आलाय.

डिपस्टिकवरचं तेल काळपट पण स्वच्छ, दुधाळ अजिबात नाही. सकाळी झाकण उघडून सुरू केली, बुडबुडे नाहीत. वरचा पाइप दहा मिनिटांनी हळूहळू गरम झाला, कडक नाही. एसी लावला तर पंखा फिरला नाही. पाच मिनिटं वाट पाहिली, तरी नाही.

टायमिंग बेल्टच आहे, पुस्तिकेत तसं लिहिलंय. आधीच्या मालकाच्या सर्व्हिसच्या कागदांत बेल्ट बदलल्याची एकही नोंद सापडली नाही. सत्तर हजारानंतरचे कागदच नाहीत.

तेलकट_हात

मग तुमची गाडी तापते पंख्यामुळे. वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो, पंख्याची गरज पडत नाही. गर्दीत वारा नाही, पंखाच सगळं करतो आणि तो मेलाय. लक्षणावरून दोष ओळखायची ही पहिली खूण, इतरांनीही लक्षात ठेवा. उभ्या गाडीत तापते आणि पळताना थंड होते तर पंखा, त्याचा रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), फ्यूज किंवा वायर. उलट, वेगात आणि चढावर तापते तर पाण्याचं अभिसरण अपुरं पडतंय: रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, नाहीतर वॉटर पंपाची पाती झिजलेली. आणि गाडी कधी नीट गरमच होत नसेल, हीटर कोमट आणि ॲव्हरेज घसरलेलं, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. स्कॅनरवर (इंजिनाच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) पी ०१२८ हा कोड त्याचाच.

आता कूलंट. जमिनीवर दिसत नाही म्हणजे गळत नाही असं नसतं. बारीक गळती गरम इंजिनावरच वाळून जाते. गॅरेजला सांगा, कूलिंग प्रेशर टेस्ट करा. हाताने चालवायचा पंप टाकीच्या तोंडाला लावतात, झाकणावर छापलेला दाब भरतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. काटा पडला की टॉर्च घेऊन शोधायचं. पाइपांचे सांधे, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्यांची शिवण, हीटरचे पाइप आणि वॉटर पंप. पंपाच्या अंगावर एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील संपलं की कूलंट तिथून झिरपतं. वाळलेला रंगीत पापुद्रा दिसला की पंप गेला समजा.

आणि टाकीचं झाकण बदला. त्याचं महत्त्व लोकांना माहीत नसतं. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाने सुमारे एक बारचा दाब धरला की तेच १२५ च्या आसपास जातं. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली तर हा सगळा फायदा गेला, कूलंट लवकर उकळतं आणि बाहेर पडतं. खर्च म्हणाल तर एका सर्व्हिसच्या छोट्याशा हिश्शाएवढा.

कूलंटच्या जागी नुसतं पाणी भरत राहू नका. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात. पाण्यावर चाललेल्या इंजिनातून मी गेरूसारखा चिखल काढलाय.

शेवटी हेड पॅकिंगबद्दल शंका राहू नये म्हणून एक चाचणी करून घ्या. निळं द्रव असलेली नळी टाकीच्या तोंडावर धरतात आणि टाकीतली हवा त्यातून ओढतात. हवेत जळालेला वायू असेल तर निळ्याचं पिवळं होतं. दहा मिनिटांचं काम. तेवढं केल्याशिवाय कुणालाही इंजिन खोलू देऊ नका.

तारयंत्र

पंख्याचं मी सांगतो. मोटरचा प्लग काढून तिला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरली तर मोटर चांगली, दोष रिले, फ्यूज किंवा तापमानाच्या सेन्सरच्या बाजूला. फ्यूजच्या पेटीत तसाच दुसरा रिले बहुधा असतो, अदलाबदल करून पाहा. नाही फिरली तर मोटर. आतले कार्बन ब्रश झिजलेले असतील तर बाहेरून हलकी टिचकी मारल्यावर फिरते आणि नंतर पुन्हा बंद पडते. अशी मोटर टिचकीवर चालवत बसू नका. रिलेचा खर्च जवळजवळ नगण्य, मोटर-पंख्याची जोडी दोन सर्व्हिसच्या आसपास.

मिसिंगसाठी स्कॅनर लावा. डॅशबोर्डखाली १६ पिनांचा सॉकेट असतो. पी ०३०० आला तर मिसिंग कुठेही, पी ०३०१ ते ०३०४ आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा क्रमांक. समजा ०३०२ आला. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावा आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा, गाडी चालवा. कोड ०३०३ झाला तर कॉइल खराब, दोष तिच्यासोबत गेला. ०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहा. एका पैशाचाही भाग न आणता अर्ध्या तासात निदान. कोड म्हणजे निकाल नाही, तो फक्त कुठे बघायचं ते सांगतो. पी ०४२० आला की लोक थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला निघतात. सायलेन्सरला चीर असली किंवा इंजिन मिसिंग मारत असलं तरी तो कोड येऊ शकतो.

प्लग काढताना तो ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत तेल आहे का तेही बघा. तुमचा तेलाचा डाग आणि मिसिंग यांचा संबंध असेल असं मला वाटतं.

जुनी_किल्ली

बेल्टची नोंद नाही म्हणजे बेल्ट बदललेलाच नाही, असंच धरून चाला.

कंपनीगणिक मुदत वेगळी, पण बहुतेक बेल्ट ६०,००० ते १,००,००० किमीच्या दरम्यान बदलायचे असतात आणि वर्षांचीही मर्यादा असते, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत पाळीपाळीने येतात. बेल्ट तुटला की पाळी मोडते, पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात. मग मात्र हेड खरंच काढावं लागतं. आणि बेल्ट आधी आवाज करून सांगत नाही. चेनचं तसं नाही, ती सैल पडली की थंड इंजिन सुरू होताना काही सेकंद खडखडते.

तेलकट_हात यांनी वॉटर पंपाचं लिहिलंय. तुमच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर पंप, बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि वाटेवर धरणाऱ्या पुल्या) एकदमच बदला. मजुरी एकच लागते. क्रँकचं आणि कॅमचं पुढचं ऑइल सीलही त्याच जागेत असतं, ओलसर दिसलं तर तेही. आज पंप वाचवून दोन वर्षांनी पुन्हा तेच सगळं उघडायचं म्हणजे मजुरी दुप्पट. सगळं मिळून पाच ते सात सर्व्हिसच्या घरात जाईल. हा पैसा डोळ्यांना दिसत नाही, गाडी आधीसारखीच चालते, म्हणून लोक टाळतात.

फिरतं_चाक

खालच्या अंगाचं मी बघतो.

एकच चाक खड्ड्यात गेलं की आवाज आणि दोन्ही चाकं एकदम वर गेली की शांत, हे तुम्ही फार नीट टिपलंय. दोन्ही चाकं सारखी वर-खाली होतात तेव्हा अँटीरोल बारवर (डावी-उजवी बाजू जोडणारी दांडी) जवळजवळ ताण येत नाही. एकच चाक हललं की बार पिळला जातो आणि त्याला चाकाच्या बाजूशी जोडणारा झिजलेला लिंक रॉड वाजतो. म्हणून पहिला संशय लिंक रॉडवर. दोन्ही बाजूंचे मिळून एका सर्व्हिसच्या आसपास. शॉकॲब्सॉर्बर बदलायला कुणी सांगितलं तर आधी गळतोय का ते दाखवायला लावा.

लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याचे रबरी सांधेही, तपासून घ्या. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जात असेल तर मागचा बुश फाटलेला असू शकतो. बदलाल तर मेकॅनिकला एक गोष्ट नक्की सांगा: आर्मचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडीचा भार चाकांवर आल्यानंतर. जॅकवर चाक लोंबकळत असताना घट्ट केले तर बुशचं रबर त्याच स्थितीत जखडतं आणि गाडी खाली येताच कायमचं पिळलेलं राहतं. नवे बुश सहा महिन्यांत फाटले म्हणून लोक भागाला दोष देतात, दोष बसवण्यात असतो. त्यानंतर अलाइनमेंट. फक्त लिंक रॉड बदलला तर अलाइनमेंटची गरज नाही.

इतर आवाजांची ओळख चटकन सांगतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून वेग घेताना कटकट वाजली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा वळणारा सांधा). त्याचं रबरी बूट फाटल्या फाटल्या बदललं तर थोडक्यात सुटतं, नाहीतर अख्खा जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घूं, जी लांब वळणावर कमी-जास्त होते, ती व्हील बेअरिंगची. ब्रेक न लावताही ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग.

दूरचा_प्रवास

ब्रेकचं थरथरणं म्हणजे डिस्क वाकडी. लेथवर घासून घ्या, नवीन घ्यायची गरज नाही. मी दोनदा करून घेतलंय.

फिरतं_चाक

इथे माझं मत वेगळं आहे. डिस्क सहसा वाकत नाही, तिची जाडी जागोजागी असमान होते. फरक इतका बारीक की तो शतांश मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो, तरी पायाला आणि हाताला जाणवतो. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. घासल्यानंतर जाडी त्याच्या वर उरणार असेल तर घासा, माझी हरकत नाही. पण १,१०,००० किमीला त्या मूळच्याच डिस्क असतील तर बहुधा उरणार नाही, आणि पातळ डिस्क लवकर तापते. मग थरथर परत येते.

त्याहून महत्त्वाचं, डिस्क ज्या हबवर बसते तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ करायलाच हवा. हबवर गंजाचा कण राहिला तर कोरी डिस्कही तिरकी बसते आणि काही हजार किमीत पुन्हा थरथरायला लागते. चाकाचे नटही समोरासमोरचे, पाळीपाळीने, टॉर्क रेंचने. पुढच्या दोन डिस्क आणि पॅड मिळून तीन ते चार सर्व्हिस.

दूरचा_प्रवास

हबच्या गंजाचं मला खरंच माहीत नव्हतं. माझी थरथर दोनदा परत आली ती यामुळेच असावी. आधीचं माझं मत मागे घेतो.

डिझेल_वाचक

मध्येच विचारतोय. माझ्याकडे डिझेल सेडान आहे, तिचाही वापर असाच, रोज चार-पाच किमी. मला हेच सगळं लागू पडतं का?

तेलकट_हात

डिझेलला छोट्या फेऱ्या जास्त बाधतात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर त्यातली काजळी जळायला सलग चालणं आणि तापमान लागतं. चार किमीत ते होत नाही, फिल्टर चोंदतो. त्याचा दिवा लागला की दुर्लक्ष न करता अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा, पुस्तिकेत वेग दिलेला असतो. डिझेल फिल्टर वेळेवर बदला, इंजेक्टर आणि पंपाचं आयुष्य त्यावर आहे. आणि क्लच बदलायची वेळ आली तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे धक्के शोषणारं दोन भागांचं जड चाक) आहे का ते आधी विचारून घ्या. तो एकटाच क्लचच्या संचापेक्षा महाग पडू शकतो. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे नवा_चालक यांचं आधी मार्गी लागू दे.

नवा_चालक

दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तुमचं सगळं वहीत लिहून नेलं होतं. मेकॅनिकने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, याच क्रमाने करू.

निळ्या द्रवाची चाचणी केली. निळं ते निळंच राहिलं. हेड पॅकिंग शाबूत आहे. तिथेच उभं राहून आईला फोन केला.

प्रेशर टेस्टला काटा हळूहळू पडत होता. टायमिंगचं प्लॅस्टिक कव्हर काढलं तर वॉटर पंपाच्या भोकाखाली हिरवट पापुद्रा. बेल्टच्या पाठीवर बारीक भेगा होत्या. पंखा थेट बॅटरी देऊनही फिरला नाही, म्हणजे मोटर.

स्कॅनरवर पी ०३०२. कॉइलची अदलाबदल करून पाहिली, कोड तिसऱ्यावर गेला. आणि तारयंत्र यांचा अंदाज बरोबर होता: दुसऱ्या प्लगच्या विहिरीत तेल साचलं होतं, कॉइलचं रबर फुगून मऊ झालं होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन तडकलंय. खालचा डागही तिथूनच, तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत जातं. म्हणजे दोन तक्रारींचं मूळ एकच.

डावा लिंक रॉड हाताने हलतोय. डाव्या आर्मचा मागचा बुश फाटलाय. डिस्क किमान जाडीच्याही खाली आहेत.

क्लचचं काय करू? तो म्हणतो अजून थांबता येईल.

जुनी_किल्ली

पॅकिंग बदलताना पीसीव्ही व्हॉल्व्हही बदलून घ्या. इंजिनाच्या पोटातला वायू तो बाहेर काढतो. तो चोंदला की आतला दाब वाढतो आणि तेल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. जुना तसाच ठेवून नवं पॅकिंग लावलं तर काही महिन्यांत पुन्हा गळेल. प्लगही चारही एकदम बदला. साधे असतील तर त्यांचं आयुष्य तीस-चाळीस हजार किमीच असतं.

क्लचची परीक्षा अशी घ्या: मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ५० च्या आसपास चालत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे वेगाबरोबर सावकाश वाढले तर क्लच अजून पकडतोय. फेरे उसळून वर गेले आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट संपली. वर सुटणं ही झिजेची खूण आहे, निकामी होण्याची नाही. संपेल तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र, शिवाय गिअरबॉक्स उतरलेलाच असतो म्हणून क्रँकचं मागचं सीलही तपासायचं. सहा-सात सर्व्हिस बाजूला ठेवायला आतापासून सुरुवात करा.

मोजपट्टी

जमलं तर झालेला खर्च सर्व्हिसच्या मापात इथे लिहा. पुढे कुणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

नवा_चालक

काम दोन टप्प्यांत केलं, म्हणजे गाडी एका वेळी दोन दिवसांवर अडकली नाही. आईच्या फेऱ्या चुकल्या नाहीत.

पहिला टप्पा, जो थांबवणं धोक्याचं होतं: पंखा दोन सर्व्हिस. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, नवं कूलंट आणि टाकीचं झाकण मिळून सहा. टॅपेट पॅकिंग, पीसीव्ही, चार प्लग आणि एक कॉइल अडीच. दुसरा टप्पा तीन आठवड्यांनी: पुढच्या डिस्क आणि पॅड चार, दोन्ही लिंक रॉड, डाव्या आर्मचा बुश आणि अलाइनमेंट मिळून तीन. एकूण साडेसतरा. पहिल्या गॅरेजचा अंदाज याच मापात चाळीसच्या पुढे जात होता आणि त्यात पंखा, बेल्ट, ब्रेक यातलं काहीच नव्हतं.

बुशचे बोल्ट गाडी खाली उतरवून घट्ट केले, मी समोर उभा होतो. हबवरचा गंज ब्रशने काढतानाही पाहिलं. जुने भाग परत मागून घेतले. जुना पंप हातात घेऊन फिरवला तर आतून खरखर लागत होती.

चौथ्या गिअरची परीक्षा केली, फेरे उसळले नाहीत. टाकीवर कूलंटच्या पातळीला मार्करने रेघ मारली होती. महिना झाला, रोज सकाळी बघतो, पातळी रेघेवरच आहे. आईला उपचारांना नेल्यानंतर परत येताना आता मुद्दाम वीस मिनिटं लांबच्या रस्त्याने येतो, तिलाही बाहेर बघत बसायला बरं वाटतं. झाकणाखालची साय जवळजवळ गेली आहे.

एकच राहिलं, ब्रेकचं ऑइल बदललेलं नाही. तपकिरी दिसतंय. घाई आहे का?

फिरतं_चाक

आहे. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं कोरं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरलेल्यासाठी तीच मर्यादा १५५ आहे. लांब उतारावर ब्रेक तापले आणि ते उकळलं तर पाइपात वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं, खर्च एका सर्व्हिसहून कमी. चारही चाकांतून स्वच्छ येईपर्यंत काढायला सांगा. तुमचा क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचं ऑइल बहुधा याच टाकीतून जातं, त्याच वेळी तीही लाइन साफ करून घ्या. या आठवड्यात करा, आईला घेऊन उताराच्या रस्त्याला लागण्याआधी.